तो गणिताचा माणूस टीव्हीवर का रडला? (वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात मी टीव्हीवरच्या विज्ञान मालिकांबद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, की या मालिका बघितल्या नसत्या तर मी विज्ञानाचा मास्तर झालो नसतो, आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देतोय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच प्रश्न घेतलेत.

सर, नव्वदच्या दशकात आमच्याकडे नवीन केबल आली होती तेव्हा रात्री उशिरा एक फिल्म बघितलेली. चष्मा लावलेला एक इंग्रज माणूस गणिताबद्दल बोलता बोलता मध्येच थांबतो, तोंड फिरवतो आणि चक्क रडतो. परवा मुलाने मोबाईलवर तीच फिल्म लावली, माणूस तोच, रडणं तेच, पण फिल्मचं नाव वेगळं आणि मागून बोलणारा आवाजसुद्धा वेगळा. ह्या दोन फिल्म आहेत की माझीच गल्लत होतेय? – एक वाचक, डिचोली

तुमची अजिबात गल्लत होत नाहीये, तुम्ही एकच फिल्म दोन रूपांत बघितलीत. तो माणूस म्हणजे अँड्र्यू वाइल्स. फर्मा नावाच्या फ्रेंच माणसाने १६३७ च्या सुमारास एका पुस्तकाच्या समासात एक विधान लिहून ठेवलं होतं. तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग बरोबर पाचचा वर्ग हे आपण शाळेत शिकतो ना, तर तो म्हणाला की वर्गाच्या जागी घन घ्या, चौथा घात घ्या, कुठलाही मोठा घात घ्या, असे तीन धन पूर्णांक तुम्हाला कधीच मिळणार नाहीत. आणि वर लिहिलं की याची सिद्धता माझ्याकडे आहे पण समासात जागा पुरत नाही! त्यानंतर साडेतीनशे वर्षं जगातले भले भले गणिती त्या एका वाक्याच्या मागे लागले. वाइल्सने दहा वर्षांचा असताना केंब्रिजच्या एका लायब्ररीत हे वाचलं आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही, पुढे मोठेपणी प्राध्यापक झाल्यावर त्याने सात वर्षं घराच्या पोटमाळ्यावर बसून, जवळजवळ कोणालाच न सांगता, ते सोडवायला घेतलं. जून १९९३ मध्ये त्याने केंब्रिजमध्ये जाहीर केलं की झालं, जगभर बातम्या आल्या, आणि मग तपासणाऱ्यांना त्यात एक भोक सापडलं. विचार करा, सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्यानंतर. पुढचं वर्षभर तो ते भोक बुजवत राहिला, त्याचा जुना विद्यार्थी रिचर्ड टेलर मदतीला आला, तरी बुजेना. १९ सप्टेंबर १९९४ च्या सकाळी तो आपलं कुठे चुकलं हे नीट समजून घेऊन हा विषय सोडायचा म्हणून बसला आणि अचानक रस्ता दिसला. कॅमेऱ्यासमोर त्या सकाळबद्दल सांगताना त्याला रडू येतं. तुम्हाला आठवतंय ते हेच.

आता दोन नावांचं. ही फिल्म सायमन सिंग यांनी बीबीसीच्या होरायझन या मालिकेसाठी बनवली, १९९६ च्या जानेवारीत ती दाखवली गेली आणि तिला बाफ्टा पुरस्कारही मिळाला. नंतर १९९७ मध्ये अमेरिकेत नोव्हा नावाच्या मालिकेत तीच फिल्म वेगळ्या नावाने आणि अमेरिकन निवेदन घालून दाखवली. या दोन मालिकांचं नातं जुनं आहे. होरायझन सुरू झाली २ मे १९६४ ला, बीबीसी टू हे चॅनल सुरू होऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, आणि पहिला भाग होता बकमिन्स्टर फुलर या घुमटांच्या इमारती बांधणाऱ्या माणसावर. सुरुवातीपासून त्यांनी ठरवलं होतं की नुसत्या नवीन मशीन आणि शोध दाखवायचे नाहीत, शास्त्रज्ञाला विचार करताना दाखवायचं. पुढे बोस्टनच्या सार्वजनिक टीव्ही केंद्रातले मायकल अँब्रोसिनो वर्षभर लंडनला बीबीसीत राहून आले, त्यांना हे इतकं आवडलं की परत जाऊन त्यांनी त्याच धर्तीवर मार्च १९७४ मध्ये नोव्हा सुरू केली, आणि तिचा पहिला भागसुद्धा बीबीसीकडूनच आणलेला होता, निसर्गावरच्या फिल्म कशा बनवतात याच्यावर. तेव्हापासून दोघांमध्ये फिल्मची देवाणघेवाण चालू झाली, एकाने बनवायची, दुसऱ्याने थोडी कापायची, आपला आवाज घालायचा. आपल्याकडे केबलवर कधी हे रूप यायचं कधी ते, म्हणून बऱ्याच जणांचा असा घोळ झालेला आहे.

एक सांगतो. ही फिल्म जून १९९३ च्या टाळ्यांवर संपवणं किती सोपं होतं, पण त्यांनी ते भोक दाखवलं, त्या वर्षभराचा त्रास दाखवला. वाइल्स त्यात म्हणतो की गणित म्हणजे अंधाऱ्या घरात शिरण्यासारखं आहे, महिनोन्महिने फर्निचरला धडकत राहायचं आणि मग कधीतरी दिव्याचं बटण हाताला लागतं, मग पुढची खोली, परत अंधार. मी दहावीच्या मुलांना हे दरवर्षी सांगायचो, विशेषतः प्रिलिमचे पेपर परत दिल्यावर.

मी नववीला विज्ञान शिकवते. शाळेत स्मार्ट बोर्ड आला म्हणून उत्साहाने एक पन्नास मिनिटांची डॉक्युमेंटरी लावली तर दहाव्या मिनिटाला मुलं एकमेकांना चिमटे काढायला लागली. ह्या मुलांना रील्सची सवय लागलीय असं म्हणून सोडून द्यायचं का? – शिक्षिका, फोंडा

अहो बाई, सोडून नका देऊ, आणि मुलांना दोषही नका देऊ. पन्नास मिनिटांची फिल्म ही रात्री जेवण झाल्यावर घरात आरामात बघायसाठी बनवलेली असते, पस्तीस मिनिटांच्या तासाला नाही. मी काय करायचो ते सांगतो, आठ दहा मिनिटांचा तुकडा निवडायचा आणि जिथे प्रश्न उभा राहतो बरोबर तिथे बंद करायचं. उत्तर येण्याआधी. मुलं ओरडतात, ओरडू दे, तोच तुमचा तास.

तुम्हाला एक तुकडा सुचवतो. १९८१ साली होरायझनने रिचर्ड फाइनमन या पदार्थवैज्ञानिकावर एक भाग केला, त्यात जवळजवळ काहीच घडत नाही, एक माणूस खुर्चीत बसून बोलतो, बस्स. पण तो आपल्या वडिलांची गोष्ट सांगतो. ते त्याला रानात फिरायला न्यायचे आणि एखाद्या पक्ष्याकडे बोट दाखवून म्हणायचे, की जगातल्या सगळ्या भाषांमध्ये याचं नाव तुला पाठ असलं तरी पक्ष्याबद्दल तुला काहीही कळलेलं नसणार, तो काय करतोय ते बघ. हे दाखवा आणि मुलांना खिडकीकडे न्या. फोंड्यात कुठल्याही शाळेच्या खिडकीतून दोन तरी पक्षी दिसतातच, खंड्या ज्या तारेवर बसतो तीच तार रोज का पकडतो, हे एक आठवडा बघून लिहायला सांगा.

दुसरं म्हणजे आपल्याकडे भरती ओहोटी आहे, दिल्लीच्या मुलांकडे ती नाही! तुमच्या वर्गात तिसऱ्यो काढायला जाणाऱ्या घरातली मुलं नक्की असतील, त्यांना विचारा ओहोटी रोज एकाच वेळी येते का. ती म्हणतील नाही, रोज पाऊण तास पुढे जाते. साधारण पन्नास मिनिटं जाते. आता वर्गाला विचारा का. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, मग त्याला गाठायला पृथ्वीला आणखी पन्नास मिनिटं फिरावं लागतं. हे पुस्तकात आहे, पण जी मुलगी आजीबरोबर नदीत उतरते तिच्या तोंडून ते वर्गात आलं की त्याची किंमत बदलते. आणि मग त्याच्या पुढचा प्रश्न टाका, चंद्र एकच आहे तर दिवसातून भरती दोनदा का. त्यावर डॉक्युमेंटरीचा तुकडा लावा, बघा कोण चिमटा काढतं का.

आणि हो, आपल्या घरातल्या गोष्टीही सांगा त्यांना. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली, २१ माणसं, नेते डॉ. कासिम जे आधी दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते, आणि ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. अंटार्क्टिकाचं काम बघणारी राष्ट्रीय संस्था आजही वास्कोला सडा भागात आहे. मुलं त्या रस्त्याने कितीदा गेलेली असतात, आत काय चालतं हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

सगळ्यात जास्त वर्षं चाललेला विज्ञानाचा कार्यक्रम कुठला? आमच्यात पैज लागलीय. – दोन मित्र, म्हापसा

ब्रिटनमधलाच, द स्काय अॅट नाइट. २४ एप्रिल १९५७ ला सुरू झाला, म्हणजे पहिला स्पुटनिक सुटायच्याही आधी, आपला गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. पॅट्रिक मूर यांनी तो पहिल्या भागापासून डिसेंबर २०१२ मध्ये वारले तोपर्यंत स्वतः सादर केला, पंचावन्न वर्षांत त्यांचा फक्त एक भाग चुकला, २००४ मध्ये, विषबाधा होऊन आजारी पडले म्हणून. होरायझन त्यानंतर सात वर्षांनी आली. तेव्हा तुमच्यापैकी जो होरायझन म्हणाला तो हरला.

आमच्या वाड्यावरच्या पोरांनी मला मोबाईलवर मत्स्यकन्येची डॉक्युमेंटरी दाखवली. त्यात अमेरिकन सरकारचे शास्त्रज्ञ सांगतायत की मत्स्यकन्या सापडली आणि सरकारने लपवलं. माझे आजोबा रापणीला जायचे, तेही अशा गोष्टी सांगायचे. हे खरं आहे का, आणि खरं नसेल तर टीव्हीवर दाखवतात कसं? – एक वाचक, हरमल

खरं नाहीये. ही फिल्म २०१२ मध्ये अॅनिमल प्लॅनेटवर दाखवली गेली होती आणि त्यातले शास्त्रज्ञ म्हणजे नट आहेत, बनावट व्हिडिओ आहेत, गोष्ट रचलेली आहे, तसं फिल्मच्या शेवटी बारीक अक्षरात लिहूनही येतं, पण मोबाईलवर तुकडे फिरतात तेव्हा शेवट कोण बघतो? तेव्हा अमेरिकेत इतक्या लोकांना ते खरं वाटलं की तिथल्या सरकारी समुद्र संस्थेला, नोआला, वेगळं निवेदन काढून सांगावं लागलं की मत्स्यकन्या असल्याचा कुठलाही पुरावा आजपर्यंत मिळालेला नाही. पुढच्याच वर्षी डिस्कव्हरीवर मेगालोडॉन नावाचा लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला शार्क अजून जिवंत आहे अशी तसलीच फिल्म आली. मला याचा मनापासून राग येतो. तुमच्या आजोबांनी रापणीवरून येऊन सांगितलेली गोष्ट वेगळी, ती गोष्ट म्हणूनच सांगितली आणि ऐकली जायची. पण डॉक्युमेंटरीचा पोशाख घालून खोटं सांगणं म्हणजे बघणाऱ्याचा विश्वास चोरणं आहे, पुढच्या वेळी कोणी खरं सांगितलं तरी तो माणूस विश्वास ठेवणार नाही.

ओळखायचं कसं? फिल्ममध्ये शास्त्रज्ञाचं नाव आणि संस्था येते ना, ती लिहून घ्या आणि त्या संस्थेत तो माणूस खरंच आहे का ते शोधा, पाच मिनिटांचं काम आहे, पोरांनाच सांगा. दुसरं, प्रत्येक वेळी पुरावा कोणीतरी जप्त केला, लपवला, जाळला असंच येत असेल तर उठून जा. तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कार्यक्रम चुकल्यावर काय करतो ते बघा. १९९९ मध्ये होरायझनने बुडालेल्या प्राचीन संस्कृतीच्या दाव्यांवर टीका करणारा एक भाग दाखवला, ज्या लेखकावर टीका होती त्याने तक्रार केली, आणि प्रसारणाच्या तक्रारी बघणाऱ्या आयोगाने बाकीचे मुद्दे फेटाळले पण एका मुद्द्यावर म्हटलं की त्याची बाजू तुम्ही नीट दाखवली नाही. बीबीसीने २००० मध्ये तो भाग दुरुस्त करून, त्याचं म्हणणं घालून परत दाखवला. म्हणजे ज्याचं म्हणणं पटत नव्हतं त्याच्याशीही न्यायाने वागावं लागलं. माझा अशा कार्यक्रमावर विश्वास बसतो.

सर, तुम्ही सारखं इंग्लंड अमेरिकेचं सांगता. आपल्याकडे असं काही झालंच नाही का? आणि शास्त्रज्ञ यश पाल यांना तुम्ही भेटला होता का? – निवृत्त बँक कर्मचारी, पणजी

भेटलो नाही, पण टीव्हीवर इतकं बघितलंय की भेटल्यासारखंच आहे. आणि आपल्याकडे झालं, चांगलं झालं, सलग पन्नास वर्षं चाललं नाही एवढंच.

सुरुवात फार मोठी होती. ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष नासाचा उपग्रह वापरून साइट नावाचा प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या जवळजवळ २४०० खेड्यांमध्ये थेट उपग्रहावरून टीव्ही, ज्या गावात लाईटचा पत्ता नाही तिथे बॅटरीवर चालणारे सेट ठेवले होते. शेजारचं कर्नाटक त्यात होतं. त्यावेळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक होते यश पाल, मूळचे वैश्विक किरणांचे अभ्यासक. १९८९ मध्ये भारत की छाप ही तेरा भागांची मालिका आली, आपल्या देशातल्या विज्ञानाचा इतिहास सांगणारी, ती आता मिळाली तर जरूर बघा. जयंत नारळीकरांची ब्रह्मांडवरची मालिका दूरदर्शनवर आली. आणि १९९१ पासून टर्निंग पॉइंट.

टर्निंग पॉइंटमध्ये गिरीश कर्नाड असायचे, आणि एक भाग असायचा ज्यात यश पाल लोकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे. पांढऱ्या केसांचा माणूस, घाई नाही, आपण सर्वज्ञ आहोत असा आव नाही. पोस्टकार्डावर कुणा मुलाने काहीही विचारलेलं असायचं आणि ते आधी त्या प्रश्नावरच खूश व्हायचे. मी तेव्हा नुकता मास्तर झालो होतो, आमचा अँटेना घरामागच्या माडाजवळ बांबूवर बांधलेला, वारा आला की पडद्यावर मुंग्या, मग भावाला बाहेर पाठवून बांबू फिरवायला लावायचा आणि आतून ओरडायचं, थोडं उजवीकडे, आलं, आलं, राहू दे. मी त्यातले प्रश्न वहीत लिहून घ्यायचो आणि सोमवारी वर्गात टाकायचो. हे सदर मी चालवतो ते त्याच वहीतून आलंय असं समजा.

पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आठवतं ते ग्रहण. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास सूर्यग्रहण झालं, पट्टा आपल्या अगदी शेजारून, अंकोल्याकडून गेला, आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ झाकला होता. आणि आम्ही काय बघितलं? बंद खिडकीच्या फटीत कोंबलेली चादर. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. आईने पाण्यात दुधात तुळशीची पानं टाकलेली, आम्हा भावंडांना आतल्या खोलीत बसवलेलं, आणि हे फक्त आमच्या घरी नाही, देशभर शहरंच्या शहरं ओस पडली होती, लोक घराबाहेर पडू नयेत म्हणून दूरदर्शनने दुपारी सिनेमा दाखवला होता. इतक्या जवळून गेलेलं ग्रहण मी चुकवलं याचं मला आजही वाईट वाटतं.

पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीचे दिवस, परत खग्रास ग्रहण, यावेळी पट्टा राजस्थानातल्या नीम का थाना पासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत, आणि दूरदर्शनने ते थेट दाखवलं, सोबत यश पाल बोलत होते. लोकांना घरात बसा सांगणारा तोच टीव्ही आता बाहेर या, फक्त डोळ्यांना योग्य फिल्टर लावा, असं सांगत होता. सकाळची साडेआठची वेळ. आईने तुळशीची पानं याही वेळी टाकलीच होती, त्याबद्दल माझं तिच्याशी भांडण नाही, पण ती पदराला हात पुसत टीव्हीसमोर येऊन उभी राहिली, आणि सूर्याच्या कडेला ती हिऱ्याची अंगठी चमकली आणि सगळं काळं पडून भोवती ते पांढरं प्रभामंडळ उमललं तेव्हा यश पालांचा आवाज एखाद्या लहान मुलासारखा झाला होता. आई काही बोलली नाही. मिनिटभराचाच खेळ होता, संपल्यावर ती म्हणाली, परत दाखवतील काय रे? आणि मग अंगणात येऊन तिने माझ्या हातातला फिल्टर घेतला आणि आपल्याकडे दिसत होतं ते खंडग्रास स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. साठी उलटलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा.

यश पाल २०१७ मध्ये गेले. दूरदर्शनवर आज तसं काही नियमित नाही, पण गोव्यात अगदीच दुष्काळ आहे असं समजू नका, विज्ञान परिषद इथे विज्ञान चित्रपटांचा महोत्सव भरवते, मिरामारचं सायन्स सेंटर आहे, आणि पणजीत खगोलप्रेमींची संस्था आहे, जुन्ता हाऊसच्या गच्चीवर त्यांची वेधशाळा बरीच वर्षं चालायची, तुम्ही पणजीतच राहता तर आभाळ मोकळं असेल तेव्हा नातवंडांना घेऊन एकदा त्यांच्याकडे चौकशी करा.

आणि आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, २ ऑगस्ट २०२७, सोमवार. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त वेळ सूर्य पूर्ण झाकला जाणार आहे, आणि आपल्याकडे संध्याकाळकडे खंडग्रास. ऑगस्टमध्ये गोव्यात ढग असणारच, म्हणून फिल्टर घेऊन बाहेर उभे राहा आणि घरात टीव्ही चालू ठेवा, दोन्ही.